सडा, पाखाडी आणि न टिकणारी हवा

रात्री सायकलच्या मागच्या चाकात २४ पाउंड हवा भरून ठेवली होती, सकाळी गेजवर २२ दिसले. दोनच पाउंड गेले! ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेली चाकं सांभाळणाऱ्यांना यातला आनंद समजावून सांगायला नको. ज्यांनी अजून ट्यूब सोडलेली नाही त्यांनी माझी कीव करत पुढे वाचावं.

बेत असा: २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली कातळशिल्पांची नऊ ठिकाणं, होईल तेवढं डांबर टाळून, सडे (डोंगरमाथ्यावरची कातळाची सपाट पठारं), पाणंदी आणि पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा) जोडत एमटीबीवर, म्हणजे माउंटन बाइकवर करायची. उक्षी आणि जांभरुणचं मागेच लिहून झालं. त्यानंतर पावस, पूर्णगड करत आडिवऱ्याजवळ मुक्काम हलवला. कशेळीचा हत्ती पाहिला. पोटात इतर प्राणी कोरलेला तो अवाढव्य हत्ती फोटोत मावत नाही, आणि उभं राहून पाहिला तर सुरुवातीला दिसतही नाही. डोळे रेषांना सरावले की मग एकदम सोंड सापडते. देवीहसोळही झालं. आणि मग गाडं अडलं ते मागच्या चाकावर.

लक्षण असं: पहाटे २४ पाउंड भरून निघायचं, सड्यावर पोचून पाणी प्यायला थांबेस्तोवर टायर बोटानं दाबला जातोय. फुस्स नाही, काटा नाही, सीलंटचा (टायरमध्ये घातलेल्या, भोकं बुजवणाऱ्या द्रवाचा) पांढरा फवारा नाही. हवा नुसतीच कमी होत जाते. मामेभाऊ सोबत आहे, त्याच्या दोन्ही चाकांत ट्यूब. त्याचं एकच पालुपद, "ताई, ट्यूब टाक आणि चल." पण सड्याच्या कडेला करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढायची तर ट्यूब म्हणजे दर मैलाला पंक्चर. करवंदीचा काटा फाटा फुटलेला असतो, एका वेळी दोन भोकं पाडतो. शिवाय कमी हवेत जांभ्याच्या कंगोऱ्यावर रिम आपटली की ट्यूब चिमटलीच म्हणून समजा. ट्यूबमध्ये ३५ पाउंड भरून जांभ्यावर चालवण्यापेक्षा मी पायी जाईन.

पहिला संशय साइडवॉलवर. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्यावर पडला की कडक होत जातो. उघडा कातळ तर युगानुयुगं तापून टणक झालेला, त्याच्या भोकाभोकांच्या कडा टायरची बाजू खरवडून काढतात. साबणाचं पाणी लावलं तर बाजूला बारीक बारीक बुडबुडे दिसलेही. चाक आडवं ठेवलं, थोड्या वेळानं उलटवलं, सीलंटनं ते बुजवले. खूश होऊन झोपले. सकाळी टायर परत पोटात गेलेला.

दुसरा संशय व्हॉल्व्हवर. बुडाचं रबर, वरची चकती, आतली पिन, सगळं काढून पुसून परत बसवलं. फरक शून्य. मग सीलंट कमी असेल म्हणून ३० मिली आणखी घातलं. इथे एक मत नोंदवून ठेवते: डब्यावर काहीही छापलेलं असो, कोकणातल्या उकाड्यात लॅटेक्सचं सीलंट दोन महिन्यांवर भरवशाचं राहत नाही. २९ इंची, सव्वादोन रुंदीच्या टायरला मी १०० मिली धरते आणि त्यात कंजुषी करत नाही. आणि झटपट हवा भरायची सीओटूची नळकांडी लॅटेक्सवर मारू नका, गार गॅसनं त्याच्या गुठळ्या होतात.

शेवटी घरमालकीण काकूंना विचारून विहिरीजवळच्या दगडी दोणीत चाक बुडवलं. काकू म्हणाल्या, "म्हशी धुतलेल्या चालतात, मग सायकलीनं काय घोडं मारलंय!" चाक हळूहळू फिरवत गेले आणि बुडबुडे दिसले. टायरमधून नाही, व्हॉल्व्हमधूनही नाही, तर स्पोक रिमला घट्ट धरणाऱ्या निपलांमधून! एक इथे, दोन तिथे, आणि रिमच्या जोडाच्या फटीतूनही बारीक माळ.

ज्यांच्यावर ही पाळी अजून आलेली नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर. डबलवॉल रिमला दोन मजले असतात. टायरची हवा वरच्या मजल्यावर, आणि मध्ये स्पोकच्या भोकांवरून फिरवलेली टेप ही तिची जमीन. टेप कुठेही उचकटली की हवा खालच्या पोकळीत उतरते, तिथून पूर्ण गोल फिरते आणि जिथे निपल सैल असेल तिथून बाहेर पडते. म्हणजे बुडबुडा दिसतो तिथे गळती असतेच असं नाही. ती समोरच्या बाजूलाही असू शकते. सीलंटही टेपखाली शिरून पोकळीत वाहून जातं, म्हणून कितीही ओता, टायरमध्ये उरतच नाही. निपल घट्ट करून, त्यावर डिंक लावून काही होत नाही. टायर उतरवून टेप बघणं हाच उपाय.

उतरवला. टेप एका कडेनं बोटभर लांब उठलेली, खाली सीलंटची पिवळट साय. या चाकांना टेप कारखान्यातूनच लावून आली होती, रिम आतून २५ मिमी आणि टेपही बरोब्बर २५. हे गणित कागदावर छान दिसतं. पण रिमचा तळ सपाट नसतो, मध्ये खोलगट नाळ असते. टेपला खाली उतरून परत वर चढायचं असतं, म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतची खरी वाट २५ पेक्षा लांब. त्यामुळे टेप बीडच्या (टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या कडेच्या) बैठकीपर्यंत पोचतच नाही, आणि टायर चढवताना बीड तिची कड ओरबाडून उचलतो. २५ च्या रिमला २८ किंवा ३० ची टेप हवी, हे चाकं विकणाऱ्यांना ठाऊक नाही असं कसं मानायचं?

माझ्याकडे रोल होता तोही २५ चाच. रुंद टेप मागवली तर यायला आठवडा. मग तोड अशी काढली: एक फेरा डावीकडे सरकवून, दुसरा उजवीकडे सरकवून. मधे दोन थर, दोन्ही बाजूंना कड भिंतीला भिडलेली. त्याआधी मेडिकलमधून स्पिरिट आणून रिम एवढी पुसली की कापूस पांढरा निघायला लागला. टेप ताणून ओढायची, इतकी की ती नाळेत स्वतःहून बसावी, आणि अंगठ्यानं मधून कडेकडे दाबत न्यायची. व्हॉल्व्हचं भोक चाकूनं कापू नका, तापवलेल्या दाभणानं पाडा. कड वितळून बंद होते, पुढे फाटत नाही.

आता बीड बसवायची. हातपंपानं अशक्य. ट्यूब घालून एक बाजू बसवायची आणि मग दुसरी सोडवून ट्यूब ओढून काढायची ही युक्ती केली, पण सैल बाजूनं हवा तशीच निसटत राहिली. चाक घेऊन एसटीनं राजापूर गाठलं, महामार्गावर एक टायरवाला बघून ठेवला होता. मिस्त्रींनी चाक हातात फिरवून पाहिलं. "ट्यूबलेस काय? मोटारीला चालतं तर सायकलीला का नाय चालणार." अर्धं काम तिथेच झालं, कारण याआधीच्या दोन दुकानांत ट्यूब नाही म्हटल्यावर हवाच भरून दिली नव्हती.

अडचण नोझलची होती. आपला प्रेस्टा, म्हणजे सायकलचा बारीक व्हॉल्व्ह, त्यांच्याकडे सगळं मोटारीचं. अडॅप्टर होता माझ्याकडे, पण तो पिनेच्या आट्यांवर बसतो, आणि बीड उडवायला एकदम हवा जायची तर पिनच काढावी लागते. मिस्त्रींनी धूळ झटकायची एअर गन आणली, रबरी टोक उघड्या नळीवर दाबलं आणि खटका ओढला. टण्. टण्. दोन्ही बाजू बसल्या. तो आवाज ऐकायला मी पुन्हा राजापूरला जाईन. गन काढल्यावर हवा निघून गेली तरी बीड जागेवरच होती. मग सिरिंजनं नळीतून सीलंट, वर पिन, पिनेवर अडॅप्टर, ३० पाउंड, आणि चाक दहाही दिशांना हलवून घेतलं. पैसे घेईनात. "चालवा आधी, टिकली तर द्या."

टिकली, हे वर सांगितलंच.

त्याच टायरवर दुसऱ्या दिवशी देवाचे गोठणे. गावात भार्गवरामाचं मंदिर, तिथून वर सड्यावर चढ. पुढे ३२ दात, मागे ५१ दात असा हलका गिअर असूनही वरचा टप्पा ढकलतच नेला. सड्यावर गवत वाळून पिवळं पडलंय, त्यातून गुरांच्या वाटा. सायकली कातळाच्या अलीकडे गवतात आडव्या ठेवल्या. कोरलेल्या कातळावर चाक न्यायचं नाही आणि बुटानं रेषेवर पाय द्यायचा नाही, हे आपलं ठरलेलंच आहे. या शिल्पाजवळ होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं. मामेभावानं फोन धरून पाहिला, सुई फिरली, आणि तो बराच वेळ फोन पुढेमागे करत बसला. मी मधल्या वेळात टायर दाबून पाहत होते. कडक!

उतरताना मजा होती. कोरड्या जांभ्याची पकड काय सांगू, सँडपेपरवर चालवल्यासारखं वाटतं. (पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळ धरतं, तेव्हा तिकडे फिरकू नका.) खाली वाडीत शिरताना पाखाडी लागली: चिऱ्यांच्या रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगा (दगडी कुंपण), वर आंबा-फणसाची पानगळ. पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात ही खरी गंमत. लय सापडली असं वाटतं तोच एक पायरी दुप्पट खोल. मागच्या चाकात २० पाउंड, सीट पूर्ण खाली, पुढचा ब्रेक एका बोटानं, आणि नजर तीन पायऱ्या पुढे. मधलं वळण सोडलं तर अख्खी उतरले. वळणाच्या तोंडाशी एक आजोबा गवताचा भारा घेऊन वर येत होते, तेव्हा उतरून गडग्याला चिकटून उभी राहिले. पाखाडी ही त्यांची रोजची वाट आहे, माणूस दिसलं की पाय खाली, यात दुमत नको. आजोबांनी टायरांकडे बघून विचारलं, "शेतात चालवता काय ही?"

हे लिहिता लिहिता एक डोक्यात आलं. सगळं घोडं प्रेस्टापाशी अडतंय. कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मोटारीचं नोझल असतं, मग रिमचं भोकच साडेसहा मिमीवरून साडेआठ करून मोटारीचा व्हॉल्व्ह का बसवू नये? २५ च्या रिमला तेवढं भोक झेपतं, नळीही रुंद, सीलंट अडकत नाही. रोडच्या अरुंद रिमला हा उद्योग करू नका. मागच्या चाकाला नक्की करणार, पण घरी, नीट ड्रिल स्टँडवर. मुक्कामी हातड्रिलनं नाही.

मागच्या चाकाच्या या अनुभवामुळे पुढचा बेतही बदललाय. सामान लादून बारसूहून थेट विजयदुर्गच्या खाडीकडे उतरायचं होतं. त्याऐवजी मुक्काम इथेच ठेवून बारसू आणि रुंढे तळीच्या फेऱ्या रिकाम्या सायकलीवर करू. मागच्या चाकावर बॅगेचं वजन नसेल तर पाखाडीवर २० पाउंडांत रिम वाचते, हे आता कळलंय. नंतर कुडोपी. मार्च लागला की कलमांच्या बागांना राखणे बसतात, त्या आधी आटपायला हवं. राखण्यांच्या नजरेसमोरून बागेतली वाट विचारल्याशिवाय वापरायची नाही.

पुढच्या चाकाची टेपही तीच, कारखान्यातून आलेली २५ ची. अजून गळत नाही. चालतंय तर हात कशाला लावायचा असं मामेभाऊ म्हणतो. पण रुंद टेप मागवून ठेवलीय आणि स्पिरिटची अर्धी बाटली उरलीय, तेव्हा कुडोपीला निघायच्या आदल्या संध्याकाळी ते चाकही उघडणार.