थिजलेले खोबरेल

लेकीच्या बाळंतपणासाठी २०२४ च्या जूनमध्ये मी मेलबर्नला गेले, तेव्हा तिला चौतिसावा आठवडा लागला होता. बॅगेतले आळीव विमानतळावरच काढून घेतले गेले. डिंक आणि बाळंतशोपा तेवढ्या पार पडल्या. घरी पोहोचले तर लेक दार उघडून भिंतीचा आधार घेत उभी होती. कमरेखाली, जिथे दोन बाजूंना खळ्या असतात, तिथून निघणारी कळ जांघेत उतरत होती आणि रात्री कूस बदलायची म्हटली तरी तिला जावयांना उठवावे लागत होते.

हे दुखणे अपवादात्मक नाही. गरोदरपणात साधारण पाचातल्या एका बाईला ते होते. पोटाचा भार पुढे येतो, कमरेचा बाक वाढतो आणि ओटीपोटाच्या हाडांचे सांधे नेहमीसारखे घट्ट राहत नाहीत. तिच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलेले उपाय ऐकायला अगदी किरकोळ होते: सलवार बसून घालायची, एका पायावर उभे राहायचे नाही, कुशीवर वळताना दोन्ही गुडघे जुळवून वळायचे, झोपताना मधे उशी घ्यायची आणि चालताना पट्टा बांधायचा. याने दुखणे कमी झाले, पण गेले नाही, आणि जे पूर्ण जात नाही त्याच्यावर चार मैत्रिणी चार उपाय सुचवतात. त्यातला एक उपाय कायरोप्रॅक्टरचा, म्हणजे हातांनी मणके आणि सांधे दाबून उपचार करणाऱ्यांचा, होता.

मी सोबत गेले. तिथले टेबल पाहण्यासारखे होते. पोटासाठी मधे खोलगट जागा ठेवलेली, त्यामुळे लेक कित्येक आठवड्यांनी पालथी झोपू शकली आणि तेवढ्यानेच तिने सुस्कारा सोडला. त्या बाईंनी तिच्या दोन्ही टाचा एकेक करून मागे दुमडून पाहिल्या, कुठल्या बाजूला ताठरपणा जाणवतो ते ठरवले, आणि टेबलाचा कमरेखालचा भाग इंचभर उचलून त्रिकास्थीवर, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडावर, तळहाताने हलका दाब दिला. तो भाग ठक्कन खाली बसला. मी दचकले, लेक नाही. नंतर तिला उताणी करून जांघेच्या वरच्या बाजूला अंगठ्याने अगदी हलका स्पर्श करून त्या थोडा वेळ थांबल्या. या पद्धतीला ती बसवणाऱ्या लॅरी वेबस्टर यांचे नाव आहे. पोट कुठेही दाबले नाही, हे मी मुद्दाम लक्ष ठेवून पाहिले, कारण पूर्वी आपल्याकडे बाळ आडवे आहे म्हणून सुईणी पोट चोळत असत आणि त्यात वार सुटून बाईच्या जिवावर बेतायचे. दोन दिवस लेकीला खरोखर बरे वाटले. मोठ्या माणसाच्या कंबरदुखीत अशा उपचाराने थोडाफार आराम पडतो, हे डॉक्टरही नाकारत नाहीत.

माझी तक्रार सुरू होते ती पुढच्या वाक्यापाशी. बाळ पायाळू होते आणि आम्हांला असे सुचवले गेले, की कमरेचा तोल सुधारला की बाळ आपोआप फिरेल. अठ्ठाविसाव्या आठवड्यात साधारण चौथा हिस्सा बाळे पायाळू असतात आणि दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच तशी उरतात, म्हणजे बाकीची कोणाचाही हात न लागता फिरतात. अशा वेळी कोणी टाचा दुमडून पाहिल्या आणि आठवड्याने बाळ फिरले, तर तो कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडण्याचा प्रकार असतो. ही पद्धत शिकवणारी संस्थादेखील आपण बाळ फिरवतो असे म्हणत नाही. दावा वाढतो तो दवाखान्याच्या खुर्चीत बसून.

आमचे बाळ काही फिरले नाही. सदतिसाव्या आठवड्यात रुग्णालयात डॉक्टरांनी सोनोग्राफी करून, बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढून, गर्भाशय सैल करणारे औषध देऊन बाहेरून दोन्ही हातांनी बाळ फिरवले. एक हात डोक्यामागे, एक ढुंगणाखाली, आणि कोलांटी घालावी तसे पुढे ढकलणे. पूर्वीच्या त्या सुईणींच्या हातांची आणि या हातांची जात एकच होती. फरक होता तो पडद्यावर दिसणाऱ्या बाळाचा, आलेखाचा आणि शेजारीच तयार असलेल्या शस्त्रक्रियागृहाचा. हा प्रयत्नही साधारण निम्म्या वेळाच साधतो, हे त्यांनी आधीच सांगितले होते. आमचा साधला.

नात झाली आणि तिच्याही मानेची चौकशी सुरू झाली. जन्मताना मानेवर ताण येतो, एकदा तपासून घ्या, असे त्याच कायरोप्रॅक्टरच्या दवाखान्यातून सांगण्यात आले. या बाबतीत मी आधीच बिथरलेली होते, कारण मी पोहोचले त्याच महिन्यात तिथे हा वाद पुन्हा पेटला होता. २०१९ मध्ये दोन आठवड्यांच्या बाळावर मेलबर्नमध्येच असा उपचार होतानाचा व्हिडिओ पसरला, त्यानंतर दोन वर्षांखालील मुलांच्या मणक्यांवर झटक्याचे उपचार करू नयेत असे ऑस्ट्रेलियाच्या कायरोप्रॅक्टिक मंडळाने ठरवले. व्हिक्टोरिया राज्याने केलेल्या पाहणीत गंभीर इजेची उदाहरणे फारशी मिळाली नाहीत, पण फायद्याचा भरवशाचा पुरावाही मिळाला नाही. २०२३ च्या अखेरीस मंडळाने बंदी सैल केली, आरोग्यमंत्री नाराज झाले आणि जून २०२४ मध्ये ती पुन्हा आली.

या विद्येचे मूळ पाहिले की तान्ह्या बाळापर्यंत ती कशी पोहोचली ते कळते. १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी, डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबून त्याचा बहिरेपणा घालवल्याचे सांगितले. ऐकण्याची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही. पण मणका सरकल्याने नस अडते आणि नस अडल्याने रोग होतो, ही कल्पना तिथून रुजली, आणि ती मानली की रडणारे बाळसुद्धा मणक्याचा रुग्ण ठरते. आज अनेक कायरोप्रॅक्टर ही कल्पना सोडून केवळ पाठ-मान पाहतात. त्यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

नात रोज संध्याकाळी दोन-दोन तास रडायची. निरोगी बाळांचे हे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते, म्हणून सहाव्या आठवड्यात जो कोणी हात लावेल त्याला यश मिळते. हे सूत्र मी लेकीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आई, मग तुझी बाळगुटी?” मी गप्प बसले.

कारण आपलेही हात धुतल्या तांदळासारखे नाहीत. माझ्या बाळंतपणात न्हाऊ घालणाऱ्या मावशी बाळाच्या नाकाकानांत तेल सोडायच्या, छातीच्या फुगीर गाठी पिळायच्या आणि न्हाणे झाले की दोन्ही पाय सरळ ताणून दुपट्यात आवळून बांधायच्या. नाकातले तेल फुप्फुसात उतरू शकते. पाय सरळ आवळून ठेवल्याने खुब्याचा सांधा खोबणीत नीट बसत नाही, हे घरी आलेल्या नर्सने नातीचे गुडघे बेडकासारखे उघडून मला दाखवले, आणि मी दुपटे पायांपाशी ढिले बांधायला शिकले. चोळण्याला मात्र तिची हरकत नव्हती. असायचेही कारण नाही; बाळाला तेल लावण्याचे वर्ग पाश्चात्त्य देशांत रुजवणाऱ्या विमला मॅक्‌क्लुअर यांनी ते १९७३ मध्ये आपल्याच देशातल्या अनाथालयात पाहिले होते.

मेलबर्नच्या थंडीत खोबरेल बाटलीत पांढरे थिजलेले असायचे. मी बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची, हीटरजवळ भिंतीला टेकून पाय लांब करून बसायची आणि नातीला पोटऱ्यांवर घ्यायची. तळपायापासून मांडीपर्यंत, मग पोटावर गोल, मग पालथी घालून पाठीवर. मणक्यांना हात न लावता दोन्ही बाजूंनी. ती मूठ सोडायची, म्हणजे झोप आली असे समजायचे.

एक दिवस तिला पाळण्यात ठेवून मागे वळले तर लेक सतरंजीवर पालथी पसरलेली. “आता माझी पाठ,” ती म्हणाली. बाटलीतले तेल पुन्हा थिजायला लागले होते, म्हणून मी आधी पाणी तापत ठेवले.