आमची वाटचाल : सागाच्या चौकटीपासून तयार दारांपर्यंत

चिपळूण परिसरात दारं-चौकटी करणाऱ्या आमच्या कारखान्याचं काम दोन पिढ्यांत पार बदललं. तक्रारी मात्र त्याच राहिल्या. दार घासतं, पुढून खाली टेकतं, कडी कोयंड्यात बसत नाही, न्हाणीघराची चौकट तळाशी कुजते. लोक दोष झडपेला, म्हणजे दाराच्या उघडमिट होणाऱ्या पाटीला देतात. आमच्या अनुभवात दहातल्या सात-आठ वेळा चूक चौकटीत किंवा ती भिंतीत बसवण्यात निघते. म्हणूनच सुट्ट्या झडपा विकणं आम्ही हळूहळू कमी केलं. आता चौकट, झडप, बिजागऱ्या आणि बसवणं हे सगळं काम एकत्रच घेतो.

सुरुवातीला सगळं लाकूडच होतं. ऐपत असेल तिथे बल्लारशाचा साग, नाहीतर ऐन, किंजळ, फणस. (अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीचाच साग गेला, तेव्हापासून गिऱ्हाईक पुन्हा बल्लारशाचं नाव घेऊन चौकशी करतं.) सात बाय तीन फुटांच्या चौकटीला पाच बाय अडीच इंचाचा माल धरला, तर दोन उभे आणि एक आडवा मिळून सतरा फूट लांबी होते, म्हणजे जवळपास दीड घनफूट लाकूड. उंबरठा धरला तर पावणेदोन. कापणीतली घट वेगळी. कोटेशन तपासताना हा हिशेब एवढा साधा आहे, तरी फार थोडे लोक करून बघतात.

त्या जुन्या चौकटींची एक गोष्ट चांगली होती. आडव्याची टोकं दोन्ही बाजूंना चार-चार इंच बाहेर काढून बांधकामात दाबली जायची. चौकट भिंतीबरोबरच उभी राहायची, त्यामुळे वरून ती हलायला जागाच नसायची. आता भिंत आधी आणि चौकट मागून असा क्रम झाला, टोकं कापली जातात, आणि सगळा भार होल्डफास्टवर (चौकटीला लावून भिंतीत गाडायची लोखंडी पट्टी) किंवा फास्टनरवर (चौकटीतून भिंतीत आवळायचा लांब स्क्रू) येतो. तिथेच हयगय झाली तर पुढे कितीही भारी झडप लावा, उपयोग नाही.

साग परवडेनासा झाला तसा मलेशियन साल हा लाकडाचा प्रकार आला. ताकदीला तो कमी नाही, वजनाला सागापेक्षा जड, पण ओला असताना चौकट केली की पिळतो. लाकूड वाळायला जाडीच्या इंचामागे साधारण वर्ष लागतं असा जुना अंदाज आहे, त्या हिशेबाने अडीच इंचाचा माल दोन-अडीच वर्षं पडून राहायला हवा. तेवढं भांडवल वखारीत अडकवणारा विरळाच. आम्ही भट्टीत वाळवलेला माल घेतो आणि ओलावा मोजायच्या मीटरवर बारा ते चौदा टक्क्यांच्या वर दाखवणारा उभा बाजूला ठेवतो. पीळ बघायला मीटर लागत नाही. उभ्याच्या दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि एका टोकाकडून एका डोळ्याने बघायचं. पट्ट्या एकमेकींना समांतर दिसल्या नाहीत तर तो उभा चौकटीला चालत नाही. सालात स्क्रूसाठी आधी ड्रिल मारावंच लागतं, नाहीतर स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं.

सरकारी कामात वेगळंच वळण आलं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ पासून आपल्या कामांत लाकूड बंद केलं, ते २०२० मध्ये पुन्हा खुलं झालं. मधल्या काळात पत्र्याच्या दाबून केलेल्या चौकटी आणि आरसीसीच्या चौकटी सगळीकडे पसरल्या. पत्र्याची चौकट सव्वा मिलिमीटर जाडीची, आतून पोकळ. ती भिंतीत उभी केल्यावर आतून काँक्रीटने ठासून भरायची असते. न भरता सोडली तर दार आपटल्यावर डब्यासारखी वाजते आणि बिजागरीची जागा पिचकते. किनाऱ्याजवळच्या गावांत आम्ही ती सुचवतच नाही, खारी हवा तळाचा भाग आधी खाते.

झडपांमध्ये फ्लश डोअरने, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट दाराने, बाजार घेतला. दिसायला सगळी सारखीच, तीस किंवा पस्तीस मिलिमीटरची पाटी. फरक आत असतो आणि तो बाहेरून कळत नाही. आतला गाभा सलग पट्ट्यांचा आहे की तुकडे टाकून पोकळ्या सोडल्यात, आणि गोंद कुठला, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. युरियाच्या गोंदाचं दार कोरड्या गावात वर्षानुवर्षं टिकेल, आमच्याकडे तळापासून उकलतं. फिनॉलच्या गोंदाचं दार महाग पडतं, पण पाणी सोसतं. भारतीय मानक २२०२ मध्ये एक चाचणी आहे: झडप तळाकडून ३०० मिलिमीटर पाण्यात चोवीस तास उभी ठेवायची, चोवीस तास वाळवायची, अशी आठ आवर्तनं. थर सुटता कामा नयेत.

ही चाचणी चिपळूणने खरोखरच घेतली, तीही नुसती तळाकडून नाही. २६ जुलै २००५ आणि नंतर २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेतल्या घरा-दुकानांत माणसाच्या उंचीवर गेलं. पाणी उतरल्यावर काय टिकलं आणि काय गेलं याचा नमुनाच समोर होता. एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या पाटीवर) पीव्हीसी चिकटवलेली मेम्ब्रेनची दारं फुगून वाया गेली, साच्यातली पोकळ दारंही तशीच. साध्या फ्लश डोअरचे पापुद्रे सुटले. फिनॉलची सलग गाभ्याची दारं वाकडी न होता वाळली, त्यांना फक्त रंग आणि कुलपं नवी लागली. सागाच्या चौकटी धुऊन पुन्हा वापरात आल्या. न भरलेल्या पत्र्याच्या चौकटींत गाळ शिरला, तो आतच राहिला आणि गंज आतून सुरू झाला. डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या मालाचं) काही बिघडलं नाही, पण साध्या लोखंडी बिजागऱ्या लावलेल्या ठिकाणी त्या जाम झाल्या. पूररेषेच्या आत तळमजल्याला आम्ही आता फिनॉल किंवा डब्ल्यूपीसी, आणि ३०४ दर्जाच्या स्टेनलेस बिजागऱ्या, याशिवाय दुसरं देत नाही. गिऱ्हाईक स्वस्त मागतं तेव्हा ते काम दुसऱ्याकडे जाऊ देतो.

घरच्या घरी दाराचा गोंद तपासायचा असेल तर कुलपासाठी कापलेला तुकडा टाकून देऊ नका. तो भांड्यात आठ तास उकळा. गोंद युरियाचा असेल तर आठ तासांच्या आतच तुकड्याचे थर सुटतात.

आता बसवण्याचं. इथल्या भिंती जांभ्याच्या. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ, त्यात प्लास्टिकचा प्लग मारून स्क्रू घेतला की आज घट्ट वाटतो आणि दोन पावसाळ्यांनी हातानं निघतो. जांभ्यात चार बाय चार इंचाचं, सहा इंच खोल घर छिन्नीने काढून त्यात होल्डफास्ट ठेवायचा आणि १:२:४ प्रमाणाचं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट ठासायचं. प्रत्येक उभ्याला तीन होल्डफास्ट, आणि शक्यतो ते बिजागऱ्यांच्या पातळीलाच यावेत. हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत हीच अडचण वेगळ्या तऱ्हेने येते. तिथे बिजागऱ्यांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे बांधून घ्यावेत असं आम्ही गवंड्याला आधीच सांगतो. मागून सांगून उपयोग होत नाही.

चौकट उभी करताना ओळंबा दोन दिशांना बघायचा, एकदा चौकटीच्या तोंडावर आणि एकदा आतल्या बाजूवर. एकाच दिशेला ओळंब्यात असलेल्या चौकटीवर दार आपोआप उघडतं किंवा मिटतं, आणि घरातले ‘वारा आहे’ म्हणत राहतात. कर्ण मोजायचे: २१०० बाय ९०० च्या चौकटीला दोन्ही कर्ण २२८५ मिलिमीटरच्या जवळ यायला हवेत, आणि त्या दोघांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. उंबरठा नसेल तर तळाशी तेवढ्याच मापाची आडवी पट्टी ठोकावी, नाहीतर गिलावा होईपर्यंत उभे आत येतात. ही पट्टी लादी बसेपर्यंत काढायची नाही. गवंडी ढकलगाडी नेण्यासाठी ती पहिल्या दिवशीच उपटतात, हा आमचा नेहमीचा वाद. भिंतीला लागणाऱ्या पाठीला डांबर किंवा प्रायमर हवाच, कारण चिरा पाणी ओढतो आणि ते लाकडाला देतो.

तयार, रंग केलेल्या चौकटी गिलाव्यानंतर बसतात. त्यांना भिंतीतली मोकळी जागा दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिलिमीटर जास्त लागते. पाचरी बिजागऱ्यांच्या मागे, १० बाय १०० मिलिमीटरचे फास्टनर, मग उरलेल्या फटीत पीयू फोम. फोम फुगताना उभ्यांना आत ढकलतो. तळ, मध्य आणि वर असे तीन आडवे टेकू न लावता फोम मारला तर मध्यभागी तीन-चार मिलिमीटर पोट येतं आणि दार नेमकं कुलपाच्या उंचीवर अडतं. डब्ल्यूपीसीच्या चौकटीला कडकपणा कमी, म्हणून तिला दर दोन फुटांवर फास्टनर हवा. पश्चिमेच्या उन्हात गडद रंगाची डब्ल्यूपीसी झडप लावू नका, ती तापून धनुष्यासारखी वाकते.

बाथरूमला आम्ही बहुतेक वेळा ग्रॅनाइटची चौकट देतो. तिला कुजणं नाही, पण बिजागरीचं भोक कडेच्या फार जवळ घेतलं तर दार आपटल्यावर तिथून कपचा उडतो. लाकडीच हवी असेल तर उभ्यांचे तळ लादीत गाडू नयेत, दगडी उंबऱ्यावर टेकवावेत आणि सांध्यात सिलिकॉन भरावं. तिथली चौकट कुजते ती याच तळाच्या दोन इंचांत.

झडप टांगताना वर आणि बाजूंना तीन मिलिमीटर, खाली पाच-सहा मिलिमीटर फट ठेवतो. सात फुटी फ्लश डोअर तीस-पस्तीस किलोचं असतं, त्याला तीन बिजागऱ्या, जड मुख्य दाराला चार. तिसरी बिजागरी बरोबर मध्ये लावायची सवय आहे, पण ती वरच्या बिजागरीकडे सरकवली तर ओढ जास्त घेते. स्क्रू हातोडीने निम्मा ठोकून वरचा पिळायचा, हा प्रकार आमच्याकडे चालत नाही. ठोकलेल्या स्क्रूची पकड लाकडात राहत नाही, आणि दार पुढून टेकायला लागतं ते तिथूनच. कुलपाच्या बाजूची कड आतल्या अंगाला दोन-तीन मिलिमीटर उतरती घ्यायची, म्हणजे दार मिटताना कोपरा घासत नाही.

मापाबाबत एक गोष्ट घरमालकांना आधीच सांगतो. ‘तीन फुटी दार’ म्हणजे चौकटीचं बाहेरचं माप. ९०० मधून ६५ चे दोन उभे गेले की जायला-यायला ७७० मिलिमीटर उरतात, आणि झडप काटकोनात उघडी असेल तर ७५० च्या आसपास. घरात वृद्ध माणूस असेल, चाकाची खुर्ची यायची असेल, तर त्या खोलीला साडेतीन फुटी चौकट धरा. झडपेचं माप याच हिशेबात निघतं: ७७० अधिक झडप टेकते त्या चौकटीतल्या दोन्ही खाचांचे २४, वजा फटींचे ६, म्हणजे ७८८. बाजारातली बत्तीस इंची झडप दोन्ही बाजूंनी सारखी कापून बसते. एकाच बाजूने कापली तर तिकडची कडेची पट्टी बारीक होते आणि बिजागरीचे स्क्रू गाभ्यात जातात.

वरची आणि खालची कड रंगवली का, हे आमचा माणूस आरसा खाली धरून बघतो. रंगारी सहा बाजूंपैकी चारच रंगवतात, आणि पाणी शिरतं ते उरलेल्या दोन कडांतून.

आणि जुलैत दार घासायला लागलं की लगेच रंधा मारू नका. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळून बघा, ते ढिले असतील तर भोकात लाकडाची गुटी गोंदासह ठोकून नवा लांब स्क्रू घ्या. तरीही घासत असेल तर दिवाळीपर्यंत थांबा. आमची पहिली फुकट तपासणी म्हणूनच पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात ठेवलेली असते.