माझा अनुभव: नको असताना झालेलं मेटिंग आणि ठमीचं ऑपरेशन

ठमी ही आमची कुत्री. पिल्लं होऊ नयेत म्हणून तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढायचं ऑपरेशन करायचं हे आमच्या घरी आधीच ठरलं होतं. घाई मात्र नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन हीटच्या, म्हणजे कुत्री माजावर येते त्या दिवसांच्या, मधला काळ सगळ्यात चांगला. हीट संपून दोन-तीन महिने गेले की हार्मोन्स शांत होतात, गर्भाशय आक्रसतं, रक्तस्राव कमी होतो. म्हणून ही हीट जाऊ द्यायची आणि मग निवांत तारीख घ्यायची असा बेत होता. तेवढ्यात कुंपणावरून उडी मारून एक पांढऱ्या पायांचा कुत्रा आत आला. कोणाचा, कुठला, आजतागायत माहीत नाही.

आम्ही बाहेर आलो तेव्हा दोघं अडकलेले होते. कोणी पाणी टाका म्हणालं, कोणी ओढा म्हणालं. नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला, आणि त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं, ‘‘हात लावू नका, आपोआप सुटतील.’’ नराच्या इंद्रियाच्या मुळाशी एक गाठ असते, ती आत गेल्यावर फुगते. पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, कधी त्याहूनही जास्त वेळ ते तसेच राहतात. ओढाताण केली तर दोघांनाही इजा होते आणि फायदा शून्य, कारण शुक्राणू असलेला भाग बहुतेक करून सुरुवातीलाच आत गेलेला असतो. मग आम्ही ठमीच्या तोंडाशी बसून राहिलो, ती बावरून धडपडू नये एवढंच पाहत.

पुढचे काही दिवस घरात नुसता गोंधळ होता, आणि आज मागे वळून पाहताना कळतं की तो का होता. आम्ही दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र करून बोलत होतो. पिल्लं होऊ द्यायची की नाही, हा एक. आणि ठमीचं गर्भाशय काढायचं की नाही, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आमच्याकडे होतं. पहिल्याचं नव्हतं, आणि त्याला मुदत होती. कुत्रीचे गाभणपणाचे दिवस साधारण ६३. दोन-तीन महिने थांबायचा आमचा सगळा बेत त्या एका आकड्याने मोडीत काढला होता.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी घरून यादी करून नेली होती. पहिला प्रश्न अर्थातच, ‘‘गाभण राहिली का हे आज कळेल का?’’ नाही. बायकांसाठीच्या प्रेग्नन्सी टेस्टचा इथे काही उपयोग नाही, कारण ती टेस्ट जे हार्मोन शोधते ते कुत्रीत तयारच होत नाही. प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं हार्मोन, तपासावं म्हटलं तर तेही निरुपयोगी. हीट संपल्यावर गाभण नसलेल्या कुत्रीतसुद्धा ते दीड-दोन महिने वाढलेलंच राहतं. म्हणजे तिचं शरीर दोन्ही बाबतींत जवळजवळ सारखंच वागतं. ही गोष्ट मला फार चमत्कारिक वाटली होती आणि पुढे तिचाच आम्हाला चांगला हिसका बसला, ते नंतर सांगते. साधारण २५ दिवसांनंतर सोनोग्राफी किंवा रिलॅक्सिन नावाच्या हार्मोनची रक्ततपासणी, त्याआधी सगळे अंदाज.

एक गोष्ट मात्र त्यांनी बजावून सांगितली, आणि ती माझ्या यादीत नव्हती. मेटिंग झालं म्हणजे हीट संपली असं नाही. बीज बाहेर पडल्यावरही पक्व व्हायला दोन-तीन दिवस लागतात आणि शुक्राणू आत आठवडाभर जिवंत राहू शकतात. मधल्या काळात दुसरा नर आला तर एकाच वेताची पिल्लं दोन बापांची असू शकतात. त्यामुळे ठमीला बाहेर नेताना पट्टा, अंगणात सोडायचं तर कोणी तरी सोबत, आणि कुंपणाची उंची वाढवणं हे त्याच आठवड्यात झालं.

मग इंजेक्शनचा विषय निघाला. ओळखीतल्या एकांनी छातीठोक सांगितलं होतं, ‘‘एक इंजेक्शन दिलं की झालं, कशाला चिरफाड?’’ डॉक्टर म्हणाल्या, पूर्वी इस्ट्रोजेनचं देत असत, मी देत नाही. त्याने गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो आणि क्वचित अस्थिमज्जा निकामी होते, मग रक्तच तयार होत नाही. अलीकडचं औषध म्हणजे अॅग्लेप्रिस्टोन. ते प्रोजेस्टेरॉनचं काम अडवतं, त्यामुळे गर्भ टिकत नाही. चोवीस तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं, मेटिंगपासून ४५ दिवसांपर्यंत देता येतात. सगळ्या देशांत ते मिळतंच असं नाही. आणि दिल्यावरही सोनोग्राफी करून खात्री करावी लागते, कारण काही थोड्या जणींत ते लागू पडत नाही. ‘‘पुढे कधी तरी पिल्लं हवी असतील तर मी हेच सुचवीन,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्हाला हवी आहेत का?’’

आम्हाला नको होती. निदान मला आणि नवऱ्याला. सासूबाईंचं मत वेगळं होतं. ‘‘एकदा तरी होऊ दे गं. मग कर काय ते. तिलाही वाटत असेल.’’ एकदा वेत झालं की कुत्री शांत होते, निरोगी राहते, असं त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, एका वेताने तब्येतीला कसलाही फायदा होत नाही. उलट बाळंतपणात अडणं, दूध पाजताना कॅल्शियम उतरून झटके येणं, हे धोके मात्र खरे.

पण सासूबाईंचं मन पालटलं ते या माहितीने नाही. त्यांनी स्वतःच फोन हातात घेतला. ‘‘पिल्लू झालं तर आम्हाला सांगा हं’’ असं म्हणून ठेवलेली बरीच माणसं त्यांच्या लक्षात होती. पहिल्यांनी विचारलं, बाप कुठल्या जातीचा? दुसऱ्यांना नरच हवा होता. तिसरे म्हणाले, आधी रंग बघू. एक बाई आनंदाने हो म्हणाल्या आणि संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला की आईचं ऐकू नका, घर बदलतोय. सासूबाईंनी फोन ठेवला आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘‘माणसं बोलायला काय जातंय.’’ त्यानंतर त्यांनी पिल्लांचा विषय काढला नाही. माझ्या मते आमच्या घरातला निर्णय त्या दुपारी झाला, दवाखान्यात नाही.

उरला प्रश्न वेळेचा. ऐन हीटमध्ये ऑपरेशन करायला डॉक्टर तयार नव्हत्या. त्या काळात रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, गर्भाशय रक्ताने भरलेलं आणि नाजूक असतं, टाका घालताना फाटू शकतं. फार उशीर केला तर गर्भाशय मोठं होतं, त्यात जाणारं रक्त वाढतं, भूल जास्त वेळ द्यावी लागते. मधली खिडकी हीट ओसरल्यानंतरची, मेटिंगपासून साधारण तीन-चार आठवड्यांची. म्हणजे सोनोग्राफीत काही दिसायला लागतं तेव्हाचीच.

आणि इथे डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला ज्याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. ‘‘सोनोग्राफीत पिल्लं दिसली तर तुम्ही ऑपरेशन रद्द करणार आहात का? नसाल तर ती कशासाठी करायची ते ठरवा.’’ त्यांच्या दृष्टीने तयारीसाठी उपयोग होता. गाभण असेल तर जास्त सलाइन, मोठा छेद, जास्त वेळ धरून चालायचं. माझ्या दृष्टीने काय, हे मला नीट सांगता येईना. शेवटी म्हटलं, न बघता केलं तर आपण जाणूनबुजून डोळे मिटले असं मला वाटत राहील. त्या म्हणाल्या, ‘‘हेही कारण आहे.’’

ठमीला उताणी धरलं, पोटावरचे केस काढले, जेल लावलं. पडद्यावर आधी नुसतं करडं भुरभुरणारं काहीतरी. मग काळे गोल दिसले आणि त्यातल्या एकात तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडून वळवला आणि विचारलं, ‘‘आणखी बघायचंय?’’ नवरा नाही म्हणाला. मी बघितलं. चार तरी आहेत, त्या म्हणाल्या, पण सोनोग्राफीत आकडा पक्का कळत नाही.

मी बाहेर येऊन रडले. तरी तारीख पुढे ढकलली नाही. रडू आलं म्हणजे निर्णय चुकला असं मला तेव्हाही वाटलं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या दिवसांत मला असं सांगणारं कोणी हवं होतं.

ऑपरेशनच्या बाजूने जे मुद्दे होते त्यांतला मला सगळ्यात वजनदार वाटला तो पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू होणं. ऑपरेशन न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा हा आजार सर्रास दिसतो आणि तो झाला की तेच ऑपरेशन तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्या कुत्रीवर तातडीने करावं लागतं. स्तनांच्या गाठींबद्दल सगळे एक आकडेवारी सांगतात. १९६९ च्या अमेरिकन अभ्यासातली, की ऑपरेशन न केलेल्या माद्यांच्या तुलनेत पहिल्या हीटआधी ऑपरेशन केलं तर धोका ०.५ टक्के, पहिल्या हीटनंतर ८, दुसरीनंतर २६. पण २०१२ मध्ये अशा सगळ्या अभ्यासांची छाननी झाली तेव्हा पुरावा कमकुवत ठरला, हेही डॉक्टरांनी सांगितलं. विरुद्ध बाजूही होती. वजन वाढणं, काही जणींना, त्यातही मोठ्या जातींच्या कुत्र्यांना, पुढे झोपेत लघवी होणं, आणि फार लहान वयात केलं तर मोठ्या जातींत सांध्यांचा त्रास. ठमी मध्यम बांध्याची, पूर्ण वाढ झालेली, त्यामुळे शेवटच्या मुद्द्याची काळजी नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. रक्ततपासणी आधी, आदल्या रात्रीपासून खाणं बंद, छेद नेहमीपेक्षा थोडा मोठा. घरी आणली तेव्हा भूल पूर्ण उतरली नव्हती आणि ती एकसुरात केकाटत होती. ते वेदनेचं नसून गुंगीचं असतं हे माहीत असूनही ऐकवत नाही. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला कोन घेऊन ती प्रत्येक दाराच्या चौकटीला धडकायची. दोन दिवसांत आम्ही तिला अंगात घालायचा सूट आणला, तो तिने मान्य केला. वेदनाशामक डॉक्टरांनी दिलं तेवढंच. माणसांच्या गोळ्या कुत्र्यांना विषासारख्या ठरू शकतात, हे घरातल्या प्रत्येकाला वेगळं सांगावं लागलं.

आणि मग तो हिसका. टाके सुकत आले होते, ठमी पायऱ्या चढायला लागली होती, आणि एक दिवस तिच्या स्तनांना सूज दिसली. दाबल्यावर दूध. नवऱ्याचा एक मोजा उचलून ती कोपऱ्यात नेऊन बसली, जवळ गेलं की गुरगुरायची. सासूबाई म्हणाल्या, ‘‘शोधतेय बघ.’’ माझ्या पोटात गोळा आला. गर्भाशयच काढलंय तर दूध कुठून?

डॉक्टरांनी फोनवर शांतपणे समजावलं. हीटनंतर वाढलेलं प्रोजेस्टेरॉन अंडाशयातून येतं. अंडाशय काढल्याबरोबर ते एकदम खाली येतं, तसं दूध आणणारं प्रोलॅक्टिन वर जातं. शरीराला वाटतं, बाळंतपण झालं. ज्यांचं मेटिंगच झालेलं नाही अशा माद्यासुद्धा हीटनंतर दीड-दोन महिन्यांनी हेच करतात, खेळणी गोळा करून बसतात. हार्मोन्स शांत झाल्यावर ऑपरेशन करा असं म्हणतात त्यामागचं एक कारण हेच. आमच्याकडे तेवढी सवड नव्हती. सूचना एवढ्याच, की दूध पिळून बघायचं नाही, शेकायचं नाही, चाटू द्यायचं नाही, कारण हात लागला की दूध आणखी येतं. मोजा ती फिरायला गेली असताना गुपचूप काढून घ्यायचा. प्रोलॅक्टिन कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या आणि हळूहळू ते ओसरलं. सासूबाईंचं म्हणणं खोटं होतं असं मी आजही ठामपणे म्हणत नाही. पण डॉक्टरांचं म्हणणं ऐकून मला झोप लागली.

एक तपासणी अजून चालू आहे. त्या अनोळखी कुत्र्यामुळे. मेटिंगमधून पसरणारा एक कॅन्सर असतो, त्यात गाठीच्या पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाऊन रुजतात. तो योनीमार्गात होतो, त्यामुळे गर्भाशय काढल्याने टळत नाही आणि काही महिन्यांनीही दिसू शकतो. खालून रक्त आलं तर आता ते हीटचं असणार नाही, लगेच आणा, असं सांगितलंय. ब्रुसेला नावाच्या जंतूची रक्ततपासणीही झाली, कारण तो माणसांनाही लागतो. ती निगेटिव्ह आली.

बाकी ठमी मजेत आहे. डॉक्टरांनी खाणं पाव हिश्श्याने कमी करायला सांगितलं, म्हणून मी मापाच्या पेल्यावर मार्करने खाली नवी रेघ मारली. तरी मागच्या वेळी वजन वाढलेलंच निघालं. मधल्या वेळात कोणी तरी तिला खाऊ देतंय, आणि ते कोण हे सासूबाई सोडून घरात सगळे उघड बोलतात.