वरून भरलेली जखम

सोमवारी उपजिल्हा रुग्णालयाच्या गुप्तरोग ओपीडीत ती पुन्हा आली, तेव्हा चेहरा सैलावला होता. "मॅडम, फोड गेले सगळे. आता निरोध नाही वापरला तरी चालंल ना?"

नवरा एचआयव्ही पॉझिटिव्ह. त्याच्या एआरटीच्या, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सुरू होऊन जेमतेम महिना झालेला. तिची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह. जननांगावर हर्पिस, म्हणजे विषाणूमुळे येणारे फोड, मात्र वरचेवर उठायचा. तपासलं. कातडी स्वच्छ होती.

सुरुवातीच्या वर्षांत मी अशा बायकांना "भरलं, आता काळजी नको" असंच सांगत असे. ते आठवलं की आजही जिवाला लागतं. हर्पिसने एचआयव्हीचा धोका वाढतो हे शिकले होते, पण त्याचं कारण मी फक्त उघड्या जखमेत शोधत होते. मग २००८ मध्ये आफ्रिका, पेरू आणि अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक लोकांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. रोज असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं औषध घेऊन फोड कमी झाले, एचआयव्हीची लागण मात्र कमी झाली नाही. पुढच्याच वर्षी सिॲटलच्या संशोधकांनी भरून आलेल्या कातडीचे बारीक तुकडे तपासले. हर्पिसशी लढायला जमलेल्या सीडी-४ नावाच्या संरक्षक पेशी जखम बुजल्यावरही कित्येक आठवडे तिथेच होत्या. त्यांच्यावर सीसीआर-५ रेणूही होता, आणि एचआयव्हीला पेशीत शिरायला बहुतेकदा हेच दोन लागतात. जोडीला डेंड्रिटिक पेशी, विषाणू पकडून शेजारच्या सीडी-४ पेशीच्या हवाली करणाऱ्या.

हे तिला साध्या शब्दांत सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"गूळ सांडला, पुसून काढला, तरी मुंग्या तिथंच फिरत ऱ्हात्यात. तसं?"

अगदी तसंच. इतक्या वर्षांत मला हे इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येकीला मी तिचाच दाखला देते.

नवरा बाहेर बाकावर बसला होता, त्याला आत बोलावलं. गोळ्या न चुकवता घेतल्या आणि रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर संबंधातून तिला लागण होत नाही. उपचारांनी जोडीदार वाचतो हे २०११ मध्ये ज्या अभ्यासाने दाखवलं, त्यात आपल्या पुण्यातली जोडपीही होती, हे मी मुद्दाम सांगितलं. व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची, तपासणी गोळ्या सुरू झाल्यापासून सहाव्या महिन्यात. तोवर प्रत्येक वेळी निरोध, फोड असोत वा नसोत.

त्याने बोटांच्या पेरांवर महिने मोजले.

"म्हणजे दिवाळीच्या आसपास," तो तिला म्हणाला. तिने निरोधची पाकिटं पिशवीत तळाशी सरकवली.