हात लवकर बसवता येतो का?

ज्यांचा मुलगा किंवा मुलगी सर्जरीत एमएस करतेय असे आईबाप मला लग्नकार्यात बरोबर गाठतात. "डॉक्टरसाहेब, पोरगं दीड वर्षापासून ऑपरेशनमध्ये नुसता दुर्बिणीचा कॅमेरा धरून उभं आहे म्हणते. लवकर नाही का शिकवता येत?" रेसिडेंट, म्हणजे हे शिकाऊ डॉक्टरही तेच विचारतात, फक्त जरा आडून. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: येतं. पण हात लवकर बसवायचा असेल तर तो ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसवावा लागतो, आणि तिथे शिकवायला आम्ही मास्तर मंडळी फारशी जात नाही.

आपण शिकवतो ती पद्धत जुनी आहे. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय 1889 मध्ये सुरू झालं. तिथे विल्यम हॉल्स्टेड यांनी शिकाऊ सर्जनला रुग्णालयातच ठेवून पायरीपायरीने जबाबदारी वाढवत नेण्याची रीत घातली. पोट उघडून करायच्या शस्त्रक्रियेत ती चालायची. दोघांच्या चार हातांना एकच जखम दिसायची, मास्तर शेजारून बोट दाखवायचे.

दुर्बिणीने हे सगळं बदललं. आपल्या देशात तेहेम्टन उडवाडिया यांनी मुंबईत 1990 मध्ये दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय काढलं, आणि आता गावोगावचे पेशंट 'बिनटाक्याचं' ऑपरेशन मागतात. (टाके असतात. लहान असतात.) यात लांब दांड्याचं हत्यार पोटाच्या भिंतीतल्या छिद्रातून आत जातं, त्यामुळे हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. समोर सपाट पडदा, खोली कळत नाही. ही उलटापालट मेंदूत मुरायला वेळ लागतोच. पण तो वेळ भूल दिलेल्या माणसाच्या पोटात कशाला घालवायचा?

त्यासाठी महागडं यंत्रही लागत नाही. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, दोन भोकं, आत छोटा दिवा, जुन्या मोबाइलचा कॅमेरा आणि ऑपरेशन थिएटरमधून बाद झालेली दोन हत्यारं एवढ्यावर भागतं. आधी राजम्याचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे, प्रत्येक दाणा मध्येच एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन. मग ताणून बसवलेल्या ग्लोव्हच्या तुकड्यावर आखलेलं वर्तुळ रेघ न सोडता कापायचं. मग आतल्या आत गाठ. नागपुरात आणखी एक सोय आहे. संत्रा डब्यात ठेवायचा आणि दोन हत्यारांनी सोलायचा, फोड फुटू न देता. आपल्या संत्र्याची साल सैल, म्हणून सुरुवातीला जमतं आणि पोरं खूश होतात. पुढच्या आठवड्यात मी मोसंबी ठेवतो. आतडं जोडण्याच्या सरावाला मोमिनपुऱ्यातून बोकडाचं आतडं आणायचं आणि संपलं की जागा नीट धुवायची, कारण मे महिन्यातल्या वासाबद्दल हॉस्टेलचे वॉर्डन काय बोलतात ते इथे लिहिता येत नाही.

हे खेळ वाटतात, पण खऱ्या ऑपरेशनमध्ये उपयोगी पडतात. अमेरिकेत येल विद्यापीठात 16 रेसिडेंटवर एक प्रयोग झाला, 2002 मध्ये तो प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना संगणकाच्या सिम्युलेटरवर जादा सराव दिला. त्यात पित्ताशयाचं चित्रसुद्धा नव्हतं, नुसते गोल आणि चौकटी हलवायच्या होत्या. नंतर सगळ्यांनी खऱ्या पेशंटचं पित्ताशय यकृतापासून सोडवलं. सराव केलेल्यांना 29 टक्के कमी वेळ लागला. सराव न केलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा जळण्याची शक्यता पाचपट निघाली. माझ्या मते यातली महत्त्वाची गोष्ट यंत्र नाहीच. त्या मुलांना 'इतके तास करा' असं सांगितलं नव्हतं. अनुभवी सर्जन त्या यंत्रावर जिथवर पोचतात ती पातळी गाठेपर्यंत सराव, असा नियम होता. कोणी ती लवकर गाठतं, कोणी उशिरा. आपण मात्र जेआर (ज्युनियर रेसिडेंट)-वन, टू, थ्री असे वर्षांवर शिक्के मारतो आणि वर्ष संपलं की हात आला असं धरून चालतो.

आता शनिवार-रविवारचे कोर्स. भरपूर फी, शेवटी फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. पालक विचारतात, पाठवू का? टोरांटोत 38 ज्युनियर रेसिडेंटना सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं. एका गटाला चारही सत्रं एकाच दिवशी, दुसऱ्याला तीच चार सत्रं आठवड्याला एक अशी. शिकवून झाल्याबरोबर दोन्ही गट सुधारलेले दिसले. महिन्याभराने तपासलं, भूल दिलेल्या उंदराची महाधमनी जोडायला दिली, तेव्हा आठवड्याला एक सत्र घेतलेले स्पष्टपणे पुढे होते. म्हणजे लवकर शिकायचं तर सलग शिकू नये. कोर्सला पाठवा हवं तर, पण परत आल्यावर रोज वीस मिनिटं डब्यावर बसणार नसेल तर ते पैसे हिवाळ्यात ताडोबाच्या सफारीला वापरा.

थिएटरमध्येही एक सुधारणा बिनपैशाची आहे. अख्खं ऑपरेशन कधी 'मिळेल' याची वाट बघायला लावू नये, तुकडे करून द्यावं. पित्ताशय यकृतापासून सोडवणं आधी, पित्ताशयाची नळी आणि धमनी सोडवणं शेवटी. आणि पित्ताशयात फक्त या दोनच गोष्टी शिरताना स्वच्छ दिसल्याशिवाय त्या बंद करायची क्लिप लावायची नाही, हे व्हिडिओवर बघायला शिकणं कॅमेरा धरणाऱ्यालाही जमतं. तो दीड वर्षाचा कॅमेरा अगदीच वाया जात नाही, समोर काय चाललंय ते कोणी बोलून दाखवत असेल तर.

एक गोष्ट मात्र डब्यात येत नाही. रात्री दोनला सडलेलं पित्ताशय समोर आहे, काहीच ओळखू येत नाही, आता दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडायचं की नाही? ते पेशंट बघून बघूनच कळतं आणि तिथे मी कोणाला घाई करू देत नाही.

वर्ध्याच्या, यवतमाळच्या पालकांना शेवटी एवढंच सांगतो: एमएसच्या मुलांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. पोरगं गडचिरोलीला निघालं की गादी-मच्छरदाणीबरोबर डबाही बांधून द्या. राजमा तिकडे मिळतो.