त्याचं तेच तुणतुणं

'पुन्हा तेच तुणतुणं लावू नकोस' हे वाक्य आपल्याकडे घरात, कचेरीत, टीव्हीवरच्या चर्चेत सर्रास फेकलं जातं. मला ते लागतं. काकांच्या पोवाड्याच्या संचात मी झीलकरी म्हणून, म्हणजे शाहिराच्या मागे सूर धरायला, उभा राहतो आणि तुणतुणं माझ्याच काखेत असतं.

वाद्य साधं. लाकडाचं पोकळ नळकांडं, खालच्या तोंडाला मढवलेलं कातडं, बाजूला ठोकलेली काठी, तिच्या वरच्या टोकाला खुंटी. कातड्यातून निघालेली एकच तार त्या खुंटीला आवळायची आणि लाकडाच्या तुकड्याने छेडायची. सूर एकच. शाहिराच्या पट्टीत तो जुळवला की पोवाडा संपेपर्यंत हलू द्यायचा नाही. शाहीर डफावर थाप मारत पुढे येतो, मध्येच गद्यात शिरतो, खानाची नक्कल करतो, लोकांशी बोलतो. परत गाण्यावर यायचं तेव्हा त्याला सूर शोधावा लागत नाही, तो मागे चालूच असतो. आम्ही 'जी जी रं जी' म्हणतो तेवढ्यात तो दम खातो, पुढची ओळ आठवतो. माझा हात क्षणभर थांबला तरी काका मान न वळवता डावा खांदा उडवतात, म्हणजे वाजव! तेच ते वाजवणं हेच तर तिथलं काम.

आता तंबोरा घ्या. तोही मैफलभर तेच करतो. पण 'झाला याचा तंबोरा सुरू' असं हिणवलेलं मी तरी ऐकलेलं नाही. उलट टिमकी, पिपाणी, डफडं, तुणतुणं, तमाशा, नाच्या हे शब्द टोमण्यात बघा, आणि ही कला पिढ्यान् पिढ्या कुणी सांभाळली तेही बघा. गोंधळी, मातंग, महार, कोल्हाटी. 'नाटकं करू नकोस' असंही म्हणतात, मान्य. पण नट म्हणवून घ्यायला आज कुणाला कमीपणा वाटत नाही. 'नाच्या' ही मात्र अजून शिवीच आहे. लुगडं नेसून, गवळणीत मावशी होऊन अख्खा फड हसवणाऱ्या माणसाच्या कामाचं नाव शिवी म्हणून वापरायचं, याचा मला खरंच राग येतो.

गोंधळाचंही तेच. देवीपुढे चौक भरतात, दिवटी पेटते, संबळ-तुणतुण्यावर एकेका देवाला नाव घेऊन बोलावतात. सगळं क्रमाने. आणि आपण पसाऱ्याला गोंधळ म्हणतो.

राहिला प्रश्न एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्याचा. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर या शाहिरांनी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र ही एकच मागणी सभांमधून गाऊन मांडली. किती वेळा? १ मे १९६० ला राज्य होईपर्यंत.