जुलैचा अंक एप्रिलमध्ये

फोंडा, आषाढ अमावास्या

अमावास्या, आणि सकाळपासून धो धो पाऊस. वर्षभरातल्या मोजक्या काळोख्या रात्रींपैकी तीन-चार अशा हमखास पाण्यात जातात. जूनच्या सुरुवातीला गोव्याच्या आकाशाला कुलूप लागतं, ते दसऱ्याच्या आसपास उघडतं. चवथीचा चंद्र बघू नये म्हणतात. बघायचाच ठरवला तरी आधी ढगांत सापडायला हवा ना!

मग दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात जाते आणि कपाटातले खगोलाचे अंक बाहेर येतात. ‘स्काय अँड टेलिस्कोप’ जास्त, ‘ॲस्ट्रॉनॉमी’ थोडे. पहिलं १९४१पासून निघतंय, दुसरं १९७३पासून, दोन्ही अमेरिकेतली. माझ्याकडचे बरेचसे अंक जुनेच, एका ज्येष्ठ आकाशवेड्या गृहस्थांनी घर आवरताना दिलेले. पानांना दमट वास, काहींना कसर लागलेली. परवा भाचा म्हणाला, “मावशी, इतक्या जुन्या मासिकात काय बघतेस गो? फोनवर ॲप आहे की.” आहे, आणि मीही ते वापरते. पण ॲप विचारलेल्याचं उत्तर देतं. काय विचारावं, हे मला या अंकांनी शिकवलं. शिवाय चंद्र, ग्रह आणि धूमकेतू वगळले तर वीस वर्षांपूर्वीच्या जुलैचा नकाशा आजही तसाच्या तसा चालतो.

चालतो म्हणजे त्यांना चालतो! खरी गंमत इथेच आहे. जून ते ऑगस्टचे अंक सगळ्यात रसाळ असतात, कारण तिकडे तो उन्हाळा आणि संध्याकाळीच आकाशगंगेचा सगळ्यात दाट पट्टा वर आलेला. वृश्चिकेच्या शेपटापासून धनूपर्यंत तेजोमेघ आणि तारकागुच्छ यांची नुसती रेलचेल. लेखक पानंच्या पानं त्यावर लिहितात आणि इथे आम्ही कौलं कुठे गळतात ते बघत बसतो. हा भाग आम्हाला निरभ्र बघायचा तर एप्रिलमध्ये पहाटे चारला उठावं लागतं. म्हणून माझ्याकडे जुलैचा अंक जुलैत वाचला जातो आणि वापरला जातो एप्रिलमध्ये. मार्जिनमध्ये पेन्सिलीने खुणा करून ठेवायच्या, लोणचं मुरायला ठेवावं तसा अंक कपाटात ठेवायचा आणि मार्चअखेर काढायचा. कागदी अंक रद्दीत न देण्याचं माझं हे खरं कारण. घरात ते कुणाला पटत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरी दुरुस्ती अक्षांशाची. ते नकाशे साधारण ४० अंश उत्तरेसाठी काढलेले, आपण साडेपंधरावर. म्हणजे ध्रुव तारा पंचवीस अंशांनी खाली ढकलायचा (इथे तो बहुतेक वेळा धुरकटात हरवलेलाच असतो) आणि दक्षिणेला तेवढंच आकाश नव्याने उघडायचं. सुरुवातीला हे कटकटीचं वाटायचं. आता त्यातच मजा येते, कारण हिशेब आपल्या बाजूने लागतो. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ घ्या. तिकडे चाळीस अंशांवरून तो क्षितिजाच्या जेमतेम अडीच अंश वर येतो, त्यामुळे तिथल्या निरीक्षकांना त्याचं कोण अप्रूप. काणकोणच्या किनाऱ्यावरून मे महिन्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास, तो दक्षिणेला सत्तावीस अंशांवर असतो. साध्या दुर्बिणीतही कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. अगस्ती तारा तर त्या चाळीस अंशांवर उगवतच नाही. मासिकातलं त्यांचं हळहळणं वाचून मला थोडा आसुरी आनंद होतो, हे रोजनिशीत तरी लिहायला हरकत नाही.

वेळाही बदलून घ्याव्या लागतात. ययाती तारकासमूहातला अल्गोल हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो, कारण त्याचा अंधुक जोडीदार त्याच्यासमोरून जातो. त्याच्या वेळा जागतिक वेळेत छापतात. त्यांत साडेपाच तास मिळवले की आपल्या. कधी कधी उत्तर भरदुपारी येतं.

आज बराच वेळ ‘स्काय अँड टेलिस्कोप’च्या फेब्रुवारी २००१च्या अंकाचा विचार करत होते. अमेरिकेतले हौशी निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी आकाशाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची श्रेणी त्यात मांडली. पहिल्या, म्हणजे सगळ्यात काळोख्या, पायरीच्या आकाशात वृश्चिक-धनू भागातल्या आकाशगंगेची जमिनीवर सावली पडते, असं ते लिहितात. सावली! पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोंच्या झगमगाटात व्याध शोधणाऱ्या माणसाने हे वाचून काय करावं? सत्तरी तालुक्यात आत गेलं तर माझ्या अंदाजाने चौथी पायरी मिळते. तीही किती वर्षं टिकेल, देव जाणे.

एकाच गोष्टीवरून माझं या मासिकांशी भांडण आहे: मुखपृष्ठं. गुलाबी-निळे तेजोमेघ बघून नवखा माणूस दुर्बीण घेतो, डोळा लावतो आणि त्याला राखाडी डाग दिसतो. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवतो. आतल्या पानांत हे प्रामाणिकपणे सांगितलेलं असतं, पण आतली पानं पहिल्या दिवशी कोण वाचतो? मला विचाराल तर फोटोंपेक्षा वाचकांनी पेन्सिलीने काढलेली रेखाटनं कितीतरी उपयोगी. डोळ्याला जेवढं दिसतं तेवढंच त्यांत असतं. धनूतल्या एम २२ गुच्छाचं (एम म्हणजे मेसिए यांच्या यादीतला क्रमांक) असंच एक चित्र आज सापडलं, कडेचे तारे सुटे सुटे टिपलेले. त्या पानावर खूण घातली आहे. एप्रिलमध्ये त्याच्याआधी एम ७, मग एम ८, आणि पहाट उजाडायच्या आत वेळ उरला तर हा.